वीसचे सोळा कसे? चोवीस तासांचं इन्सुलिन बदलताना

अहमदपूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक १७ वर्षांची, बारावीला, नीटच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात. सातवीत असताना टाईप वन डायबेटिस निघाला. सध्या रात्री १० वाजता लँटस, म्हणजे चोवीस तासांचं इन्सुलिन, २० पॉइंट (युनिट) पेननं, आणि तिन्ही जेवणांआधी रेग्युलर, म्हणजे जेवणाचं इन्सुलिन, बाटलीतून सिरिंजनं. गेल्या दोन महिन्यांत चार-पाचदा रात्री शुगर ५०-५५ पर्यंत खाली आली. एकदा तर खोलीतल्या मैत्रिणीनं हलवून उठवलं, अंगावरचा गाऊन घामानं भिजलेला. आता डॉक्टरांनी लँटस बंद करून ट्रेसिबा हे दुसरं इन्सुलिन लिहून दिलं आहे, तेही १६ पॉइंट. मेडिकलवाला म्हणाला, "युनिटला युनिट चालतं, वीसच घ्या." ताई विचारतात, कुणाचं खरं? कमी केल्यावर शुगर वाढणार नाही का? आणि इन्सुलिन बदलल्यानं रात्रीचं हे खाली जाणं थांबेल का?

ताई, डॉक्टरांचं खरं. मेडिकलवाल्यानं सांगितलं तेही पूर्ण चूक नाही, पण ते मोठ्या माणसांचं गणित आहे. प्रौढ माणूस दिवसातून एकदा घ्यायच्या ग्लार्जिनवरून, म्हणजे तुमच्या लँटसवरून, डेग्लुडेकवर, म्हणजे ट्रेसिबावर येतो तेव्हा सहसा तेवढेच युनिट ठेवतात. मुलांसाठी कंपनीच्या माहितीपत्रकातच जुन्या डोसच्या ८० टक्क्यांवर सुरू करा असं म्हटलेलं आहे. वीसचे ८० टक्के सोळा. तुमची लेक अजून अठराची नाही, शिवाय तिची शुगर आधीच रात्री खाली जाते. अशा मुलीला मीही सोळाच लिहिले असते.

आता शुगर वाढेल का? पहिले तीन-चार दिवस वाढेल, बहुतेक. ती का वाढते हे समजून घेतलं नाही तर सगळा घोटाळा तिथंच होतो. माझ्या ओपीडीत इन्सुलिन बदलल्यावर बिघडलेल्या केसेसपैकी अर्ध्याहून जास्त जणांनी पहिल्या आठवड्यात घाबरून डोस वाढवलेला असतो.

ट्रेसिबाचं असं आहे की ते कातडीखाली गेल्यावर त्याचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात आणि त्या साखळीच्या टोकापासून एकेक रेणू सुटून रक्तात येतो. त्यामुळे ते ४२ तासांहून जास्त काम करतं, आणि साधारण २५ तासांत निम्मं होतं. अंगणातला रांजण डोळ्यासमोर आणा. बुडाला बारीक चीर आहे, दिवसभरात त्यातलं निम्मं पाणी झिरपून जातं, आणि तुम्ही रोज रात्री एक घागर ओतता. पहिल्या दिवशी सोळा ओतले, आठच कामाला लागले, आठ उरले. दुसऱ्या रात्री आठ आणि सोळा चोवीस, त्यातले बारा कामाला. तिसऱ्या दिवशी चौदा, चौथ्या दिवशी पंधरा, मग पुढे जवळपास सोळाच. हा ढोबळ हिशोब आहे, शरीर इतकं सरळ चालत नाही, पण कल्पना यावी म्हणून सांगतो.

म्हणजे पहिल्या दोन दिवसांत तिच्या अंगात तिला लागतं त्याहून कमी इन्सुलिन चालू असतं. सकाळची शुगर २००, २२० दिसते. आई म्हणते, बघा, मी म्हणत होते ना, सोळा कमी पडतात. तिसऱ्या रात्री वीस करते. मग काय होतं? चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अठरा-एकोणीस कामाला लागतात, आणि सहाव्या रात्री पोरगी पुन्हा घामानं भिजते. त्यातही हे लवकर उतरणारं नाही. आज डोस कमी केला तरी रांजणातलं आधीचं पाणी आहेच. म्हणून ट्रेसिबाचा डोस तीन-चार दिवसांच्या आत बदलायचा नसतो. बदलायचाच झाला तर एक-दोन पॉइंटनं, आणि एका दिवसाच्या आकड्यावरून नाही, लागोपाठ तीन सकाळी बघून. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढलेली शुगर दिवसा जेवणाच्या रेग्युलरमध्ये थोडी भर घालून सांभाळायची. ती भर किती, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. झोपताना मात्र जास्तीचं रेग्युलर टोचायचं नाही. पहाटे दोनला पोरगी खाली जाण्याचं एक कारण नेमकं हेच असतं.

इथं जरा थांबतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रेग्युलरमध्येच दडलेलं असू शकतं.

तुम्ही लिहिलंय "रात्री". मला घड्याळातली वेळ हवी. वसतिगृहाची मेस किती वाजता वाढते? बहुतेक नऊ-साडेनऊ. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि शेपूट सहा-आठ तास चालतं. नऊला टोचलेलं रेग्युलर अकरा ते एकच्या दरम्यान जोरात असतं, आणि पहाटे तीन ते पाचपर्यंत थोडंफार काम करत राहतं. तुमची लेक साडेबारा-एकला खाली जात असेल तर दोष लँटसचा नाही, रात्रीच्या रेग्युलरचा आहे. तसं असेल तर ट्रेसिबावर जास्तीचे पैसे घालून काही सुधारणार नाही. रात्रीचं रेग्युलर एक-दोनानं कमी करावं लागेल, किंवा त्याऐवजी लवकर येऊन लवकर जाणारं इन्सुलिन, अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो, घ्यावं लागेल. पहाटे तीन ते पाचला खाली जात असेल तर मात्र संशय लँटसवर घ्यायला जागा आहे.

आणि मेसमधली आणखी एक गोष्ट मुली घरी सांगत नाहीत. सुई टोचून ताट घ्यायला जातात, रांग मोठी असते, भाजी आवडीची नसते, मग एक पोळी खाऊन उठतात. सुई मात्र तीन पोळ्यांची झालेली.

म्हणून नवीन पेन उघडायच्या आधी तीन रात्री तपासा. लागोपाठ नाही, आठवड्यात विखरून. त्या दिवशी जेवण लवकर, साडेसात-आठपर्यंत, रोजचंच, गोडधोड नको. नंतर काही खायचं नाही, जास्तीचं इन्सुलिनही नाही. अकराला, दीडला, साडेतीनला आणि सकाळी सहाला बोट टोचून बघायचं. ७० च्या खाली गेली तर तपासणी तिथंच थांबवून साखर घ्यायची. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत आकडा तीस-चाळीसच्या आतच वरखाली झाला तर रात्रीचं इन्सुलिन बरोबर आहे. त्याहून जास्त खाली सरकत गेला तर डोस जास्त आहे, ब्रँड कुठलाही असो. ऐपत असेल तर दंडावर लावायचा, शुगर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर याच पंधरवड्यासाठी घ्या. वर्षभर परवडत नसेल तरी इन्सुलिन बदलताना लावलेला एक सेन्सर वसूल होतो.

दुसरी तपासणी हातानं करायची आहे. लेकीला उताणी झोपवा, पोटावर थोडं साबणाचं पाणी लावा आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटं सपाट फिरवा. गंगाखेडकडचा एक मुलगा माझ्याकडे येतो. चार वर्षं त्याची शुगर कुणाच्या हाती लागत नव्हती, आज ४००, उद्या ६०. शर्ट वर केला तर बेंबीच्या दोन्ही अंगाला लिंबाएवढ्या मऊ गाठी. "इथं टोचलं की दुखत नाही," म्हणाला. दुखत नाही म्हणून तिथंच टोचायचं, तिथंच टोचून गाठ वाढायची. त्या गाठीतून इन्सुलिन कधी झिरपतं, कधी अडकून बसतं. त्याला मी फक्त जागा बदलायला सांगितली, इन्सुलिन तेच ठेवलं, आणि डोस आधीच कमी केला, कारण चांगल्या कातडीत तेवढंच इन्सुलिन जोरात लागतं. तुमच्या लेकीला अशा गाठी निघाल्या तर डॉक्टरांना सांगा. नवीन इन्सुलिन आणि नवीन जागा एकाच रात्री झाली तर सोळासुद्धा जास्त होऊ शकतात. सुई ४ मिलिमीटरची पुरते, जाड माणसालाही. आणि एकच सुई पंधरा दिवस वापरू नका. महाग पडतं हे मला कळतं, पण बोथट सुईनं गाठी लवकर येतात.

उन्हाळ्याचंही बोललं पाहिजे. उघडलेलं लँटस पेन २८ दिवस टिकतं, ट्रेसिबा ८ आठवडे, पण दोन्ही ३० अंशांच्या खाली असतील तरच. लातूरला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. फ्रिज वसतिगृहमालकाच्या घरात, मुलीला मागायला संकोच वाटतो, पेन दप्तरातच राहतं. तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं, काम करत नाही. दोन मातीची भांडी घ्या, एकात एक, मध्ये वाळू, वाळू सतत ओली, आतल्या भांड्यात पेन पाणी लागणार नाही अशा डबीत, वर ओलं फडकं. फ्रिजइतकं थंड होत नाही, पण उघडलेल्या पेनाला बाहेरच्या उन्हापासून पुष्कळ वाचवतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात एका आजींनी मला विचारलं होतं, "डॉक्टर, प्यायला नाही तं वाळूवर काय ओतू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न उघडलेली पेनं मात्र फ्रिजमध्येच, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

एवढं सगळं बघून झालं आणि तरी पहाटेची शुगर खाली जातेच आहे असं दिसलं, तर बदल योग्य आहे. टाईप वनच्या ५०१ प्रौढ रुग्णांवरचा स्विच वन नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोस बसल्यानंतरच्या काळात रात्रीची लक्षणं जाणवणारी लो शुगर ग्लार्जिनच्या मानानं डेग्लुडेकवर ३६ टक्के कमी दिसली. पण तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, त्यानं फार खाली येईल अशी आशा धरू नका. यातला फायदा रात्रीच्या झोपेचा आहे. शेजारी कुणी "आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन आलंय" म्हणून सांगेल. ते टाईप वनला नको. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं, कारण त्यात टाईप वनवाल्यांची शुगर जास्त वेळा खाली जात होती.

आता बदलाची रात्र. परीक्षेच्या आठवड्यात करू नका, पाळीच्या आसपासही नको, कारण पाळीआधी बऱ्याच मुलींची शुगर आपोआप चढते आणि मग काय कशानं झालं ते कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की करा, निदान आठ दिवस तुमच्या नजरेसमोर. आदल्या रात्री १० ला शेवटचं लँटस, दुसऱ्या रात्री १० ला पहिलं ट्रेसिबा. मध्ये एक दिवस गाळायचा नाही, आणि एका रात्री दोन्ही घ्यायची नाहीत. पेनाला नवी सुई, दोन पॉइंट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, मग १६, बटण शून्यापर्यंत दाबून सावकाश सहापर्यंत मोजायचं, तोवर सुई आतच. पेनात ३०० युनिट असतात. सोळा आणि हे दोन धरले तर एक पेन १६ दिवस जातं, त्या हिशोबानं खर्च काढा. मोठ्या माणसांना ट्रेसिबाची वेळ थोडी पुढेमागे चालते, पण तिनं मात्र रोजची वेळ एकच ठेवावी.

दुकानातून आणताना खोक्यावरचं नाव अक्षर अक्षर वाचा. ट्रेसिबा आणि रायझोडेग एकाच कंपनीची. रायझोडेगमध्ये डेग्लुडेकसोबत जेवणाचं इन्सुलिन मिसळलेलं असतं. ते रिकाम्या पोटी रात्री १० ला टोचलं तर काय होईल ते तुम्हीच ओळखा. "तेच आहे ताई, घ्या" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

आणि ही गोष्ट मी दर वेळी सांगतो, कारण एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. तुमची लेक रेग्युलर बाटलीतून घेते, म्हणजे घरात लाल टोपणाच्या सिरिंज असणार. त्या ४० च्या बाटलीसाठी असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. पेनातलं इन्सुलिन १०० चं असतं. एका घरी पेनाचं बटण अडकलं, रात्रीचे अकरा, दुकानं बंद. काकांनी पेनात लाल टोपणाची सिरिंज खुपसली आणि नेहमीच्या १४ खुणांपर्यंत ओढलं. चौदा खुणा म्हणजे ०.३५ मिलिलिटर, म्हणजे ३५ युनिट. अडीचपट. पोरगं वाचलं, पण रात्रभर आईनं मांडीवर घेऊन साखरेचं पाणी पाजलं आणि सकाळी सलाईनवर आणलं. तेव्हा ग्लार्जिन होतं. ट्रेसिबा असतं तर ही राखण दोन दिवस चालली असती. पेनातून सिरिंजनं ओढायचं नाही, कितीही अडलं तरी. एक जास्तीचं पेन घरात ठेवा.

वसतिगृहातल्या मैत्रिणीलाही चार गोष्टी शिकवा. शुगर ७० च्या खाली किंवा घाम, थरथर, बडबड दिसली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नाही तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट, पेढा, दूध नको, ते सावकाश चढतात. वर आल्यावर मात्र पोळी-भाकरी काहीतरी खायचं, कारण ट्रेसिबा अजून अंगात असतं आणि शुगर पुन्हा खाली ओढू शकतं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर झटकन वर आणणारं इंजेक्शन तुमच्याकडे मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

उलट बाजू लोक विसरतात. ताप आला, जुलाब झाले, एकादशीचा उपास धरला, काहीही असो, चोवीस तासांचं इन्सुलिन बंद करायचं नाही. "खाल्लं नाही मग सुई कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. टाईप वनमध्ये ती सुई जेवणासाठी नसते, जगण्यासाठी असते. शुगर २५० च्या वर, त्यात उलट्या, पोटात दुखणं, धाप, तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल) बघा आणि सरळ दवाखाना गाठा. ट्रेसिबाला बराच टिकाऊपणा आहे म्हणून एखादी रात्र चुकली तर चालतं असं मुलांना वाटायला लागतं. चुकली तर डॉक्टरांना फोन करा, दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचं नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. ट्रेसिबा लँटसपेक्षा महाग आहे. तीन महिने घेऊन सोडून द्यावं लागणार असेल तर त्यापेक्षा ग्लार्जिनच नीट बसवून घेणं मला बरं वाटतं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला, त्याची भारतीय बनावटीची पेनंही मिळतात. त्यावर दोन पॉइंट कमी करून, रात्रीचं रेग्युलर सुधारून, जागा बदलून कित्येक मुलींच्या रात्री सुधारल्या आहेत. हा पर्याय डॉक्टरांसमोर मोकळेपणानं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ट्रेसिबावरून पुन्हा ग्लार्जिनवर यायचं झालं तर तेही विचारूनच, कारण पहिले एक-दोन दिवस जुनं अंगात असतं.

पहिल्या आठवड्यात वहीत रोज पाच आकडे लिहा, तिन्ही जेवणांआधीचे, झोपतानाचा आणि पहाटे तीनचा. शेजारी काय खाल्लं, किती टोचलं, कुठं टोचलं. पहाटे तीनचा आकडा १०० च्या खाली दिसला तर पुढच्या सुईआधी डॉक्टरांना फोन, ७० च्या खाली असेल तर साखर देऊन त्याच दिवशी. सकाळचा आकडा चार दिवसांनंतरही २०० च्या वर राहिला तर तेव्हा वाढवायचं बोलू.

फ्रिजमध्ये लँटसची न उघडलेली पेनं उरली असतील तर फेकू नका, खोक्यावर मुदत बघून ठेवा, गाडी उलटी फिरवावी लागली तर उपयोगी पडतील. पण दोन्ही पेनं शेजारी शेजारी ठेवू नका. लँटसच्या खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात "बंद" लिहा. रात्री १० ला लाईट गेलेली असते, पोरगी अर्धी झोपेत असते, आणि पेन हाताला लागेल ते उचललं जातं.